टेम्पोच्या वायरिंगला टर्मिनल ब्लॉक स्क्रूचा घ्यावा की स्प्रिंगचा?

स्प्रिंगचा घ्या, गाडीच्या हादऱ्यातही स्प्रिंग वायरीला दाबून धरते. (टर्मिनल ब्लॉक म्हणजे वायरींची टोकं जोडायचा ठोकळा.) पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, 'वायरच्या टोकाला सोल्डर मारून स्क्रूत आवळलं तर चालेल ना', त्याने माझी जुनी खपली काढली. चालणार नाही.

मी अंधेरी एमआयडीसीत एका इलेक्ट्रिक पॅनेलच्या (स्विच-वायरिंगच्या पेट्यांच्या) कारखान्यात अकरा वर्षं वायरमन होतो. आमच्या सुपरवायझरना सगळे तात्या म्हणत. माणसाचा हात सोन्याचा. वायरी अशा वळवायचे की पॅनेलचं दार उघडलं की गिऱ्हाईक बघत राहायचं. पण एकच खोड. मल्टीस्ट्रँड (बारीक काड्यांची) वायर सोलली की टोक पिळायचं, सोल्डरमध्ये बुडवायचं आणि स्क्रूखाली सारायचं. 'एक काडी बाहेर दिसणार नाही.' मी पिन लग, म्हणजे वायरीच्या टोकावर चढवून दाबायचं धातूचं टोपण, मागितले की म्हणायचे, 'वायरीला दागिने घालतोस काय रे?' (लोहार चाळीत घ्यायला गेलात तर पिन लग असंच म्हणा. नुसतं फेरूल म्हणालात तर नंबर टाकायची नळी हातात पडेल.)

ससून डॉकवरून पनवेलला मासळी नेणाऱ्या एका टेम्पोचं पॅनेल आम्ही जूनमध्ये केलं. बारा व्होल्ट, ब्लोअरला साधारण १५ अँपिअर. सप्टेंबरात पहाटे चारला मालकाचा फोन, ब्लोअर बंद. सायन-पनवेल रोडच्या कडेला पावसात मी पॅनेल उघडलं. ब्लॉक तपकिरी पडलेला, आणि स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर स्क्रू पाऊण आटा फिरला. शेजारची एक वायर तर सोल्डर संपतं तिथेच तुटून लोंबत होती.

मासळी गेली. जॉब कार्डवर सही माझी. तात्या मालकासमोर म्हणाले, 'पोराने स्क्रू आवळला नाही.' दिवाळीच्या बोनसमधून पैसे कापले.

अहो, आवळला होता. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली महिनोन् महिने हळूहळू पसरत जातं. स्क्रू जागेवर, पकड गायब. पकड गेली की त्या जोडाचा रेझिस्टन्स वाढतो. तो ०.१ ओहम झाला तरी १५ अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात आणि साडेबावीस वॉटची उष्णता तयार होते. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे ब्लॉकच्या पोटात आयर्न पेटवून ठेवल्यासारखंच. शिवाय सोल्डर जिथवर चढतं तिथवर वायर ताठ आणि पुढे लवचीक. गाडीच्या हादऱ्याने नेमकी त्या सीमेवर तुटते.

मशीनच्या वायरिंगचं आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की काड्या एकत्र धरायला सोल्डर वापरायचं नाही. मी प्रिंट काढून तात्यांपुढे ठेवली. म्हणाले, 'ते फॉरेनसाठी, त्यांचे रस्ते गुळगुळीत असतात.' आता यावर काय बोलणार!

तर तुमच्या टेम्पोला: मापाचा पिन लग, रॅचेटवाल्या क्रिंपिंग टूलने दाबलेला. पकडीने चेपायचा नाही. एका भोकात एकच वायर. ब्लॉक ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर (ब्लॉक अडकवायची धातूची पट्टी), ते सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना एंड स्टॉपर, आणि वायरींचा गठ्ठा ब्लॉकपासून वीतभर अंतरातच बांधलेला, म्हणजे हादरा जोडावर येत नाही. शेवटी प्रत्येक वायर हाताने ओढून बघायची. लाज वाटू द्यायची नाही.

स्क्रूचे ब्लॉक आधीच आणले असतील तर फेकू नका. लग घालून नीट आवळले तर तेही टिकतात, कारखान्यातल्या एका जागी उभ्या मशीनला तर नक्कीच. बॅटरी आणि स्टार्टरच्या जाड केबलला मात्र ब्लॉक नको, रिंग लग आणि नट-बोल्टच. आणि हे सगळं केबिनच्या किंवा बंद पेटीच्या आत. चेसिसखाली, इंजिनजवळ सीलवाले कनेक्टर लावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. एबीएस, एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका. सोल्डर वाईट असंही मी म्हणत नाही, सर्किट बोर्डावर त्याच्याशिवाय पान हलत नाही. स्क्रूखाली नको, एवढंच.

तात्या आता डोंबिवलीला असतात. नातू त्यांना मोबाईलवर असलं काहीबाही वाचून दाखवतो म्हणे. तात्या, तो स्क्रू मी आवळला होता.