महागडा कॅमेरा ऑनलाइन जाहिरात देऊन स्वतः विकायचा असल्यास फसवणूक कशी टाळावी?

आपण लिहिले आहे की दीड लाखाच्या आसपास किमतीची कॅमेरा बॉडी आणि लेन्स दुकानदाराला न देता थेट गिऱ्हाइकाला विकायची आहे, आणि जाहिरात टाकल्यावर अर्ध्या तासात गोव्यातल्या वास्कोच्या एका ‘नौदल अधिकाऱ्याने’ भाव न करता होकार देऊन ‘आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवतो’ असे कळवले आहे. या दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही: तो कोड स्कॅन करू नका आणि त्या क्रमांकाशी बोलणे बंद करा. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो; पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली असली, तरी क्यूआर कोडचा मार्ग ठगांना अजून मोकळाच आहे.

मी फोंड्यात राहतो आणि लग्नामुंजींचे व जत्रांचे फोटो काढण्याचा व्यवसाय करतो. तीन-चार वर्षांनी बॉडी बदलावी लागते, म्हणून जुनी विकण्याचे प्रसंग येतात. गणवेशाचा हा बनाव आपल्याकडे खपतो, कारण दाबोळीला खरोखरच नौदलाचा तळ आहे, बांबोळीला लष्कराची छावणी आहे आणि बदली होऊन आलेले अधिकारी आपल्याला रोज दिसतात. २०२१ मध्ये मी एक लेन्स विकायला काढली, तेव्हा मलाही असाच ‘अधिकारी’ भेटला होता. त्याने ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो न मागता पाठवला. ‘आमचे खाते लष्करी आहे, आधी चाचणी घ्यावी लागते’ असे सांगून त्याने पाच रुपयांचा कोड धाडला. मी तो स्कॅन करून पाच रुपये दिले आणि मिनिटभरात माझ्या खात्यात खरोखरच दहा रुपये जमा झाले. त्यानंतर ३४,००० रुपयांचा कोड आला. पिन टाकण्याच्या पानावर पोचलो, अंगठा पहिल्या आकड्यावर होता, आणि वरच्या ओळीतले नाव नजरेला पडले. ओळखपत्रावर एक नाव होते आणि इथे भलत्याच बाईचे नाव होते. त्याखाली ‘देय रक्कम’ असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. फोन सुरूच होता आणि पलीकडून तो ‘जल्दी कीजिए सर, सर्वर बंद हो जाएगा’ असे सांगत होता. मी शहाणा होतो म्हणून वाचलो असे मुळीच नाही. डोळ्यांना चष्मा होता म्हणून वाचलो.

खरे गिऱ्हाईक कसे ओळखावे, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की ते त्रास देते. आपल्या हवेत चार महिने दमटपणा असतो आणि लेन्समध्ये फंगस, म्हणजे बुरशी, धरते, त्यामुळे गोव्यातला कोणताही जाणकार पहिल्या पाच वाक्यांत फंगसविषयी विचारतो, शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारतो, ‘ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या कपाटात, ठेवत होता की नुसती सिलिका जेलची पाकिटे टाकत होता’ हेही विचारतो, आणि मग दहा हजार कमी करा म्हणून घासाघीस करतो. दीड लाखाची वस्तू न पाहता, एकही शंका न काढता, सांगितलेल्या भावाला जो घेतो, त्याला मुळात ती वस्तू नको आहे. आपल्या अधिकाऱ्याने शटर काउंट विचारला होता का, हे एकदा आठवून पाहा.

वस्तू कुरियरने पाठवू नका, असे मी ठामपणे सांगेन. गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे. पेडण्याचा माणूस काणकोणला सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेपर्यंत परत येऊ शकतो, मग पार्सलची गरज कोणाला आणि का? पार्सल गेल्यावर ‘डब्यात विटेचा तुकडा निघाला’ असे घेणारा म्हणाला, तर आपण काय घातले होते हे सिद्ध करणे अवघड जाते. ‘माझा माणूस घेऊन जाईल, मी पैसे पाठवतो’ हाही त्याच जातीचा प्रकार आहे. समोरासमोर भेटावे, पण घरी किंवा रात्री बसस्थानकावर नव्हे. ज्या बँकेत आपले खाते आहे तिच्याच शाखेत, कामकाजाच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी भेटावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. दुसरा आणि चौथा शनिवार टाळावा, कारण त्या दिवशी बँका बंद असतात. शाखेत सीसीटीव्ही कॅमेरा असतो, चार माणसे असतात, आणि पैसे आले की नाही हे काउंटरवर विचारता येते. ठगाला बँकेत भेटायला बोलावले की बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपते.

पैसे आले हे कशावरून मानायचे, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. घेणाऱ्याच्या फोनवरचे हिरवे टिकमार्क हा पुरावा नव्हे. हुबेहूब तसाच पडदा दाखवणारी बनावट ॲप्स आहेत. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपल्या फोनवर आलेला एसएमएससुद्धा पुरेसा पुरावा नव्हे, कारण ‘तुमच्या खात्यात जमा’ असा मजकूर कोणीही स्वतःच्या दहा आकडी क्रमांकावरून टंकून पाठवू शकतो, आणि बँकेचे संदेश तशा क्रमांकावरून येत नाहीत. याच बनावट संदेशाच्या जोरावर ‘चुकून पाच हजारांऐवजी पन्नास हजार गेले, बाकीचे परत करा’ अशी रड सुरू होते आणि माणुसकीने माणूस आपल्याच खिशातले पंचेचाळीस हजार देऊन बसतो. बँकेचे ॲप स्वतः उघडून व्यवहारांच्या यादीत ती रक्कम आणि वाढलेली शिल्लक पाहावी, किंवा पासबुक भरून घ्यावे.

दीड लाखाच्या व्यवहारात एक खरीखुरी अडचणही येते आणि तिच्यामुळे प्रामाणिक माणसावर संशय घेतला जातो. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवण्याची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाखाची असते, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ नये म्हणून अनेक बँका आणखी कमी मर्यादा ठेवतात. त्यामुळे भेटीच्या आदल्या दिवशीच गिऱ्हाइकाला आपले, म्हणजे विकणाऱ्याचे, खाते त्याच्या बँकेच्या ॲपमध्ये जोडायला सांगावे आणि एक रुपया पाठवून पाहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी त्याने आयएमपीएसने, म्हणजे बँकेतून बँकेत तत्काळ पैसे पाठवण्याच्या सोयीने, पाठवावे, कारण ते सहसा लगेच जमा होते. एनईएफटी ही बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची दुसरी सोय दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी पुढे सरकते. ‘केले आहे, येईलच’ हे खरेही असू शकते, पण मग तो अर्धा तास दोघांनी एकत्र चहा पिऊन काढावा आणि कॅमेरा आपल्या पिशवीत असावा. चेक तर घेऊच नये.

आता ज्याविषयी फार कमी लोक बोलतात, ते सांगतो. पैसे खरे असतात, खात्यात आलेलेही असतात, आणि तरीही विकणारा अडकतो. माझ्या एका मडगावच्या मित्राने लॅपटॉप विकला. घेणारा समोर आला, वस्तू पाहिली, आणि रक्कम तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांतून आली; ‘भाऊ आणि मित्र मदत करताहेत’ असे त्याने सांगितले. तीन आठवड्यांनी मित्राचे खाते गोठले. त्या तीनपैकी एका खात्यात परराज्यातल्या कोणाची तरी लुबाडलेली रक्कम आली होती. सायबर तक्रार झाली की पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे गेला त्यांचा माग काढला जातो आणि बँका ती रक्कम, कधी कधी अख्खे खातेच, रोखून धरतात. मुलीच्या कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात त्याच्या हातात कार्ड होते आणि पैसे नव्हते. वस्तूचे मूळ बिल, जाहिरात, चॅट आणि पावती जोडून त्याने तपास अधिकाऱ्याला आणि बँकेला लेखी कळवले, तेव्हा दोनेक महिन्यांनी खाते मोकळे झाले. म्हणून माझी अट अशी असते की पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच नावाच्या खात्यातून, एकाच खात्यातून यावेत, आणि ते नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळावे. वडिलांच्या खात्यातून द्यायचे असतील तर वडिलांना सोबत आणावे.

त्यासाठी पावती करावी. कोऱ्या कागदावर दोन प्रती पुरेत: दोघांची नावे व पत्ते, बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक, किंमत, व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि सह्या. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लागते. तेही लावून टाकावे. पावती लिहू या म्हटल्यावर ज्याला उशीर होऊ लागतो, त्याला जाऊ द्यावे.

रोख रक्कम मिळणार असेल तर ती बँकेतच मोजावी आणि आपल्या खात्यात तिथल्या तिथे भरावी, म्हणजे खोट्या पाचशेच्या नोटेचा प्रश्न वस्तू देण्याआधीच निकालात निघतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हेही लक्षात असावे.

हाताची चलाखी वस्तूच्या बाबतीतही चालते. बघण्यासाठी घेतलेली चांगली लेन्स पिशवीत जाते आणि ‘नको, आवडली नाही’ म्हणून तशाच मॉडेलची फंगस धरलेली लेन्स परत मिळते. म्हणून अनुक्रमांकांचे फोटो आधी काढून ठेवावेत, वस्तू आपल्या टेबलावरच पाहू द्यावी, आणि ‘बाहेर उजेडात बघतो’ म्हटल्यास आपणही उठावे. मेमरी कार्ड कॅमेऱ्यासोबत देऊ नये. पुसलेले फोटो परत काढता येतात आणि त्यांत लोकांच्या घरची लग्ने असतात. फोन किंवा लॅपटॉप असेल तर आपले खाते त्यातून काढून तो पूर्ण रिकामा करावा, पण हे काम पैसे जमा झाल्यावर, घेणाऱ्याच्या देखत करावे. फोनचा *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पावतीवर घालावा.

जाहिरातीत बिलाचा फोटो टाकू नये, आधार कार्ड कोणालाही पाठवू नये. आपली खरी कागदपत्रे आणि खरे फोटो घेऊन ठग दुसऱ्याला फसवतो, आणि तक्रार आपल्याविरुद्ध होते. मी वस्तूशेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढतो, म्हणजे तो फोटो दुसरीकडे वापरला गेला तर कळते.

कोड स्कॅन करून पिन आधीच टाकला असेल, तर हे पुढे वाचत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते अडवता येतात, आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. तिथे नंतर जाता येईल, आधी फोन.

आणि पंधरा दिवसांत सरळ गिऱ्हाईक मिळाले नाही, तर घाबरून कमी प्रतीचा माणूस पत्करू नका. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि त्याआधीच्या महिन्यात म्हापसा, फोंडा, मडगाव इथले छायाचित्रकार दुसरी बॉडी शोधत असतात. तोपर्यंत तो कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेल बदलत ठेवा. फंगस धरली तर मात्र घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचेच बरोबर ठरेल.