मे महिन्यात ऊन कडक असूनही दुपारी इन्व्हर्टर सोलर घेणं का थांबवतो? सिरीजमध्ये पॅनल किती लावायचे?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा: अकोला, पत्र्याचं छत, ३३० वॅटचे ४ पॉली (पॉलिक्रिस्टलाइन सिलिकॉनचे) पॅनल एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. इन्व्हर्टर हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा), एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा भाग) १२० ते ४५० व्होल्टमध्ये चालतो, सुरू व्हायला १५० व्होल्ट, कमाल ५०० व्होल्ट. जानेवारीत सगळं सुरळीत होतं. आता सकाळी चालतं आणि साडेअकरानंतर सोलरची खूण येते-जाते. बसवणारा म्हणतो पॅनल गेले, बदला.

पॅनल बदलू नका. ते ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त आहे. सिरीजमध्ये ते कमी पडलेत.

पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. प्रकाश वाढला की करंट वाढतो, सेल तापला की व्होल्टेज उतरतं. सिलिकॉनचा एक सेल दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट गमावतो. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण तुमच्या एका पॅनलमध्ये ७२ सेल सिरीजमध्ये आहेत, चारांत मिळून २८८. सेल ५५ अंशांनी तापला तर ३० व्होल्टच्या वर गेलेच.

मागच्या लेबलवरचे आकडे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. सेलचं तापमान म्हणजे हवेचं तापमान नव्हे, घोळ इथेच होतो. डेटाशीटमध्ये एनओसीटी (नेहमीच्या वापरातलं सेलचं तापमान) नावाचा आकडा असतो, बहुतेक पॅनलचा ४५ अंशांच्या आसपास. तो हवा २० अंश आणि ऊन ८०० वॅट प्रति चौरस मीटर असतानाचा. म्हणजे ८०० वॅटच्या उन्हात सेल हवेपेक्षा २५ अंशांनी जास्त तापतो, १००० वॅटला साधारण ३१ अंशांनी. हवा ४५ असेल तर सेल ७६. हे खालून वारा खेळत असताना. पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनलला आणखी ५-१० अंश धरा. तुमच्यासाठी मी ८० धरतो.

३३० वॅटच्या पॉली पॅनलचे नेहमीचे आकडे घेऊ: चालू व्होल्टेज (व्हीएमपी, पूर्ण पॉवर देत असतानाचं) ३७.५, खुलं व्होल्टेज (व्हीओसी, करंट ओढत नसतानाचं) ४६, करंट ८.८ अँपिअर. पॉवरचा तापमान-गुणांक दर अंशाला उणे ०.४० टक्के, व्हीओसीचा उणे ०.३१ टक्के. तुमच्या लेबलवर थोडे वेगळे असतील, ते घाला. व्हीएमपीचा गुणांक बहुतेक डेटाशीटमध्ये नसतो. तिथे पॉवरचाच वापरा. तापल्यावर करंट नगण्य वाढतो, त्यामुळे पॉवर जेवढी घटते जवळपास तेवढंच व्हीएमपी घटतं. नवशिके इथे व्हीओसीचा गुणांक वापरतात आणि उत्तर उगाच चांगलं येतं.

२५ अंशांवर चार पॅनलचं व्हीएमपी १५० व्होल्ट. ८० अंशांवर ५५ × ०.४० म्हणजे २२ टक्के घट, राहिले ११७. वीस मीटर लांबीच्या ४ चौरस मिमी तांब्याच्या वायरमध्ये (जाऊन-येऊन चाळीस) दीड-दोन व्होल्ट जातात. इन्व्हर्टरच्या तोंडाशी ११५. त्याला किमान १२० हवेत.

आता ते येणं-जाणं बघा. इन्व्हर्टरने लोड सोडला की स्ट्रिंग (सिरीजमधल्या पॅनलची माळ) खुल्या व्होल्टेजवर जाते. चार पॅनलच्या १८४ मधून १७ टक्के वजा, सुमारे १५३. सुरू व्हायची अट १५०, म्हणून तो सुरू होतो. करंट ओढायला लागला की व्होल्टेज १२० च्या खाली जातं, म्हणून सोडतो. पुन्हा १५३, पुन्हा सुरू. जानेवारीत सेल ५५ च्या आसपास असतो, तेव्हा व्हीएमपी १३२, त्यामुळे तक्रार नव्हती. डिझाइन तेव्हाही काठावरच होतं.

मग किती लावायचे? उन्हाळ्यात एका पॅनलचं व्हीएमपी २९ व्होल्ट धरा. पाच लावले तर १४६. गणितात बसतं, पण कावळ्याची घाण किंवा सावली पडून एक बायपास डायोड (झाकलेल्या सेलना वळसा देणारा) चालू झाला की एका पॅनलचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहाएक व्होल्ट जातात, आणि वर्षागणिक थोडी झीज असतेच. सहा लावा: १७५.

वरची मर्यादा मात्र थंडीवरून काढायची. सकाळी सूर्य उगवताच सेल गार असतो आणि खुलं व्होल्टेज मंद उजेडातही लगेच वर चढतं. विदर्भासाठी मी ५ अंश धरतो. निफाडसारख्या ठिकाणी पारा त्याहून खाली जातो, तिथे शून्य धरावं. ५ अंशांना ४६ चे ४८.९ होतात. ५०० भागिले ४८.९, म्हणजे दहाच्या वर जायचं नाही. या दोन मर्यादा सारख्या कडक नाहीत. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी पडलं तर वीज बुडते. थंडीत कमाल ओलांडली तर इन्व्हर्टरची इनपुट बाजू जळते आणि वॉरंटीही मिळत नाही. म्हणून थंडीचा आकडा कधीही ताणू नका.

नवे दोन पॅनल घेताना एक सापळा आहे. दुकानात आता ५४० वॅटचे सहज मिळतात, करंट १३ अँपिअर. ते तुमच्या ८.८ वाल्यांच्या सिरीजमध्ये जोडले तर सगळी स्ट्रिंग ८.८ च्या आसपासच अडकते, पैसे वाया. जवळपास त्याच करंटचे शोधा, जुने चालतील. आणि कोणी ‘दोन-दोनच्या दोन पॅरलल करू’ म्हणालं तर नको म्हणा. व्होल्टेज निम्मं होईल, सोलर सकाळीही चालणार नाही.

खर्च करण्याआधी दुपारी एक वाजता एवढं तपासा. डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद करा, मग डीसी ६०० व्होल्टला चालणाऱ्या मीटरने स्ट्रिंगचं खुलं व्होल्टेज मोजा. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे) चालू करंटवर कधीही ओढू नका. डीसीचा आर्क (सलग पेटती ठिणगी) सहज विझत नाही, बोटं भाजतात. १५०-१५५ आलं तर वरचं गणित खरं. त्याहून १२-१३ व्होल्ट कमी, म्हणजे एका पॅनलचा एक बायपास डायोड शॉर्ट असावा. ३८ च्या आसपास कमी, तर एक अख्खा पॅनल स्ट्रिंगमध्ये नाही. दोन्हींपैकी काही निघालं तर बसवणाऱ्याचं म्हणणं निदान एका पॅनलपुरतं खरं.

सहा पॅनल लावल्यावरही मेमध्ये वॅट कमी दिसले तर स्क्रीनवरचं डीसी व्होल्टेज बघा. १७५ च्या जवळ असेल तर ती उष्णतेची नेहमीची घट: ८० अंशांवर ३३० चे २५७ वॅटच निघतात. पण वॅट कमी आणि डीसी व्होल्टेज उलट वर, २०० च्या पुढे असेल, तर इन्व्हर्टर स्वतःच हात आखडता घेतोय. एक तर बॅटरी भरली आहे आणि घरात लोड नाही, नाहीतर तो स्वतः तापलाय. पश्चिमेच्या भिंतीवर, बंद कपाटात बसवलेले इन्व्हर्टर हेच करतात. तिथे पॅनल वाढवून उपयोग नाही, जागा बदला.

पत्रा आणि पॅनल यांत हातभर नाही तरी सहा इंच जागा ठेवा, दोन्ही टोकं उघडी. भर दुपारी गार पाणी मारू नका, काचेला ताण येतो आणि बोअरच्या पाण्याचे डाग बसतात; धुवायचं तर सकाळी. पुढेमागे सगळेच पॅनल बदलले तर टॉपकॉन (नव्या प्रकारच्या सिलिकॉन सेलचे) घ्या, त्याचा गुणांक उणे ०.३० च्या आसपास असतो, ८० अंशांवर २२ ऐवजी १६ टक्केच जातात.