एम्बॅरस्ड की अशेम्ड?

तुम्ही विचारलंय की क्लायंटला चुकीची फाईल गेली म्हणून मेलमध्ये ‘आय अ‍ॅम अशेम्ड’ लिहिलं, तर साहेब हसले आणि ‘एम्बॅरस्ड लिही’ म्हणाले, आता दोन्हीचा अर्थ लाज वाटणंच ना, मग फरक काय? फरक आहे आणि साहेबांचं बरोबर आहे (हसायची गरज नव्हती, तो भाग वेगळा).

सगळा घोळ आपल्या ‘लाज’चा आहे. नवरी लाजते तीही लाज, चारचौघांत पँट उसवली तीही लाज, आणि आईच्या पेन्शनवर दारू पिणाऱ्याला जी नसते तीही लाजच. इंग्रजीत तिघींची सोय वेगळी: शाय, एम्बॅरस्ड, अशेम्ड.

समजा दादरला धावतपळत लोकल पकडली आणि आत बघताय तर सगळ्या बायका, लगेच तिघीचौघी एकदम ‘ओ भाऊ, लेडीज आहे!’, मग माटुंगा येईपर्यंत बॅग छातीशी धरून दाराकडे तोंड करून उभे. हे एम्बॅरस्ड. पाप काही नाही केलंत, फक्त लोकांनी बघितलं. आता दुसरं, सीटवर बसलाय, समोर एक आजोबा दांडा धरून कसेबसे उभे आहेत, दिसले तरी न दिसल्यासारखं करून मोबाईलमध्ये डोकं घातलंत, कोणी काही बोललं नाही, पण रात्री जेवताना ते आठवलं आणि घास गोड लागेना. हे अशेम्ड. जनाची आणि मनाची म्हणतो ना आपण, ढोबळमानाने तेच. चुकीची फाईल जाणं ही जनाची, त्यात काळं तोंड करण्यासारखं काही नाही.

खरं तर एम्बॅरस्डला मराठीत ‘लाज’पेक्षा ‘अवघडणं’ जास्त फिट बसतं. कोणी तोंडावर फार कौतुक केलं तरी माणूस एम्बॅरस्ड होतो, तिथे लाज कसली, अवघडायलाच होतं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ अडवणं, अडथळा आणणं, म्हणून तर ‘फायनान्शियली एम्बॅरस्ड’ म्हणजे पैशाची अडचण. आणि गंमत बघा, स्पॅनिशमधला त्याचा भाऊबंद ‘एम्बाराझादा’, त्याचा अर्थ गरोदर! इंग्रजी माणूस स्पॅनिश शिकताना हमखास तिथे आपटतो. आपल्याला मात्र हसायला नको, आपणही दिवस भरत आलेल्या बाईला ‘अवघडलेली’च म्हणतो की.

याच्या वरची पायरी ‘मॉर्टिफाइड’, त्यात लॅटिनमधलं मरण आहे, म्हणजे आपलं ‘मेल्याहून मेल्यासारखं’ जसंच्या तसं. ‘ह्युमिलिएटेड’ जपून वापरा, त्यात दुसऱ्याने तुमचा पाणउतारा केलेला असतो, मेलमध्ये लिहिलंत तर साहेबांवरच आरोप होईल. ‘क्रिंज’ बहुतेकदा दुसऱ्याच्या वागण्याने होतं, वरातीत काकांचा नागीण डान्स बघताना पुतण्याला होतं ते, आणि हल्ली कॉलेजातली पोरं मराठीतही ‘किती क्रिंज’ म्हणतात, मला तरी त्याला चपखल मराठी शब्द सापडत नाही.

एक शेवटचं, कारण तुमचा क्लायंट लंडनचा आहे म्हणालात. ‘व्हॉट अ शेम’मध्ये लाजेचा काही संबंध नसतो, ते नुसतं ‘अरेरे’ असतं. दक्षिण आफ्रिकेत तर गोड बाळ बघूनही ‘शेम’ म्हणतात. तेव्हा उद्या तिकडून ‘इट्स अ शेम यू कान्ट जॉइन अस’ असा मेल आला तर ‘शेम शेम पपी शेम’ आठवून परत माफी मागत बसू नका, ते बिचारे फक्त तुम्ही येत नाही म्हणून हळहळतायत.