विसरलेली वही पोचवू नका

मुलाला स्वतःची कामं स्वतः करायला कधीपासून शिकवायचं, असं विचारलंत. तुमचा मुलगा ४ वर्षांचा आहे ना, मग आत्ताच सुरुवात करा. या वयात मुलांना मदतीची भारी हौस असते. "राहू दे, सांडवशील" असं चारदा ऐकलं की ती विरते, आणि पुढे आपणच कुरकुरतो की हा इकडची काडी तिकडे करत नाही.

पाणी त्यालाच ओतू द्या. भांडं लहान, अर्धंच भरलेलं. सांडलं तर हातात फडकं द्या, भाषण नको. शर्टाची मोठी बटणं आता जमतील. बुटाच्या नाडीला बहुधा ५-६ वर्षं उजाडतात. घाईत आपलेच हात शिवशिवतात, म्हणून मी १५ मिनिटं आधी उठवायचे.

मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. मुलगी दुसरीत असताना वही घरी विसरली. मी चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. संध्याकाळी रडली बिचारी, पण दुसऱ्या दिवसापासून दप्तर रात्रीच भरायला लागली. (चष्मा किंवा औषध विसरली असती तर मी धावतच गेले असते.)

घरकामाचे पैसे मात्र देऊ नका. आमच्याकडे आठवडाभरातच ताट उचलण्याचाही भाव ठरायला लागला होता.