ग्राहकांचे प्रश्न : विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला, तर?

प्रश्न : मी काही वर्षांपूर्वी मोटारशर्यतीचा एक व्हिडिओ गेम ऑनलाइन दुकानातून पूर्ण किंमत देऊन घेतला. या वर्षी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि आता एकट्याने खेळण्याचा भागही सुरू होत नाही. दुकानाकडे विचारणा केली, तेव्हा ‘आपण गेम नव्हे, केवळ वापराचा परवाना घेतला होता’ असे उत्तर आले. मला काही हक्क आहे की नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि तुमची बाजू दुकानाने भासवली तितकी कमकुवत नाही. मात्र कायद्याकडे नेमके काय मागायचे, हे आधी ठरवले पाहिजे. सर्व्हर कायमचे चालू ठेवावेत, ही मागणी एखादा ग्राहक आयोग मान्य करील असे मला वाटत नाही. परंतु गेम कधीही बंद पडू शकतो, ही महत्त्वाची गोष्ट विकताना स्पष्टपणे सांगितली नसेल, तर त्याची भरपाई मागणे आपल्या कायद्याच्या चौकटीत बसते.

तुमच्यासारखाच अनुभव जगभरातील असंख्य खेळाडूंना आला तो युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या ‘द क्रू’ या गेममुळे. डिसेंबर 2014 मध्ये आलेला हा शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. डिसेंबर 2023 मध्ये त्याची विक्री थांबली, 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाले, आणि त्यानंतर अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. अमेरिकेत ग्राहकांनी दावा दाखल केला, तेव्हा ग्राहकांना मिळाला तो मर्यादित परवाना होता, मालकी नव्हे, हीच भूमिका कंपनीने न्यायालयात घेतली.

याच घटनेतून एप्रिल 2024 मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. तिची मागणी अनेकदा चुकीची सांगितली जाते, म्हणून ती येथे स्पष्ट करतो. सर्व्हर अनंत काळ चालवा असे या मोहिमेचे म्हणणे नाही. कंपनीने आधार काढून घेताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडून जावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. युरोपीय संघातील या मागणीच्या नागरिक-पुढाकाराला (नागरिकांनी सह्या गोळा करून कायद्याची मागणी करण्याच्या अधिकृत पद्धतीला) जुलै 2025 मध्ये मुदत संपेपर्यंत आवश्यक 10 लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या, आणि ब्रिटिश संसदेतही नोव्हेंबर 2025 मध्ये या विषयावर चर्चा झाली. खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर बेकायदा मजकूर रोखता येणार नाही आणि असे बंधन घातल्यास गेम बनवणे फार महाग होईल, असा उद्योगाचा आक्षेप आहे. केवळ ऑनलाइन स्पर्धेसाठी बांधलेल्या गेमच्या बाबतीत त्यात तथ्य असू शकते. पण एकट्याने खेळायच्या भागाला तो लागू होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहकांच्या नाराजीनंतर युबिसॉफ्टनेच ‘द क्रू 2’ला इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय करून दिली, यावरून इच्छा असेल तर मार्ग निघतो हे दिसते.

कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, आपण परवाना विकत आहोत हे ठळकपणे सांगितल्याखेरीज विक्रेत्याला डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी करा’ असे शब्द वापरता येत नाहीत. जी फाइल कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो व्हायला हवा. तोवर आपला आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हाच आहे.

या अधिनियमात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे याचा समावेश आहे. तुमच्या तक्रारीचा पाया हाच असावा. दुसरा आधार ‘अनुचित करार’ या तरतुदीचा : वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारे कलम तिच्या कक्षेत येते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. एका गेमच्या किमतीसाठी इतका खटाटोप करण्यापेक्षा, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे जाणे अधिक शहाणपणाचे.

परवान्याच्या युक्तिवादालाही उत्तर आहे. तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात म्हटले होते. तो निकाल विक्रीकराचा होता, त्यामुळे आयोगावर तो आपोआप बंधनकारक होईल असे नाही. तरीही वस्तू विकली की नुसती परवानगी दिली, या वादात तो तुमच्या बाजूने मांडता येतो. शिवाय गेम ही ‘सेवा’ मानली, तरी पैसे मोजणारा ग्राहकच ठरतो. वाद लवादाकडेच न्यावा असे कलम करारात असले, तरी ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे बंद होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे? पैसे भरल्याची पावती, खरेदीच्या वेळचा ईमेल, बंद करण्याची सूचना आणि आता पडद्यावर दिसणारा संदेश जपून ठेवावा. विक्रीच्या पानावर ‘इंटरनेट आवश्यक’ एवढेच लिहिले होते की सेवा कधीही संपेल असेही लिहिले होते, हे शोधून काढावे, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल बहुधा त्यावरच अवलंबून राहील. मग दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ई-वाणिज्य नियम, 2020 नुसार त्याने 48 तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार सोडवणे अपेक्षित आहे. हे नियम भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल व सेवा देऊ करणाऱ्या परदेशी दुकानांनाही लागू आहेत. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवावी, आणि तरीही काही न घडल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि खरेदीसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. दोन वर्षांची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून गेम बंद झाल्याची तारीख लिहून ठेवावी. काही वर्षे गेम वापरला असल्यामुळे पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. तरी मागणी पूर्ण रकमेचीच करावी.

प्रश्न : डाउनलोडऐवजी डिस्क घेतली, तर हा धोका टळतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नेहमीच नाही. ‘द क्रू’च्या डिस्कही विकल्या गेल्या होत्या आणि सर्व्हर बंद झाल्यावर त्याही निरुपयोगी ठरल्या. म्हणून घेण्यापूर्वी वेष्टनावर किंवा विक्रीच्या पानावर ‘कायम इंटरनेट आवश्यक’ अशी अट आहे का, ते पाहावे. अशी अट नसलेल्या आणि संपूर्ण गेम ज्यावर आहे अशा डिस्कचा भरवसा अधिक. जीओजीसारखी काही ऑनलाइन दुकाने कुलूपबंदी नसलेली, म्हणजे चालवताना दुकानाची परवानगी न लागणारी फाइल देतात. ती स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली, तर दुकान उद्या बंद झाले तरी गेम पुन्हा बसवता येतो.