वाचकांचे प्रश्न : हातातलं जीपीएस कसं शिकावं?

मागच्या अंकात सह्याद्रीतल्या चुकणाऱ्या वाटांवर लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी हातात धरायच्या जीपीएस रिसीव्हरबद्दल आहेत. नवीन वाचकांसाठी सांगतो : मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. सांकळी (मोजणीची साखळी) आणि फळीवर मोजणी शिकलो, निवृत्तीच्या वेळी हातात इलेक्ट्रॉनिक यंत्रं होती. रविवार मात्र कायम डोंगराचा. त्यामुळे या प्रश्नांकडे मी दोन्ही बाजूंनी बघतो. चार पत्रं घेतली आहेत.

मी ६१ वर्षांची आहे. मुलीने अमेरिकेहून हातात धरायचा जीपीएस रिसीव्हर पाठवला. एसटीत बसल्या बसल्या सुरू केला, तर अर्धा तास नुसता उपग्रह शोधत राहिला. राजमाचीला गेलो तेव्हा चालू झाला, पण जरा थांबलं की बाण गरगर फिरायचा. पुस्तिका वाचून गोंधळ वाढला. यंत्र बिघडलंय का? नसेल तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, ठाणे

ताई, यंत्र अगदी ठणठणीत आहे. तुम्ही त्याला एसटीच्या पत्र्याखाली कामाला लावलंत, एवढंच झालं.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला पृथ्वीच्या दोन फेऱ्या मारतात. तुमचं यंत्र त्यांना काहीही कळवत नाही, ते फक्त ऐकतं. संदेश किती वेळात पोचला यावरून ते एकेका उपग्रहाचं अंतर काढतं. जागा ठरवायला तीन अंतरं पुरावीत, पण यंत्रातलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, म्हणून वेळ जुळवायला चौथा उपग्रह लागतो. आता कोणता उपग्रह कुठे असेल याचं एक पंचांगही आकाशातून येत असतं, आणि ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तुमच्या यंत्राकडचं पंचांग जुनं होतं, आणि ते स्वतःला अजून अमेरिकेतच समजत होतं. त्या हिशेबाने ते इथल्या आभाळात नसलेले उपग्रह शोधत बसलं. गच्चीवर किंवा मैदानात जा, यंत्र सुरू करा आणि वीस मिनिटं एका जागी ठेवा. पुढच्या वेळी मिनिटभरात जागा सापडेल. दूरच्या गावी गेल्यावर किंवा यंत्र महिनोन्महिने बंद राहिल्यावर हेच पुन्हा करायचं.

बाणाचं कारण वेगळं आहे. साध्या यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसतं. तुम्ही मघा कुठे होतात आणि आता कुठे आहात यावरून ते दिशा ठरवतं. थांबलात की त्याला दिशाच उरत नाही. म्हणून बाण बघायचा तो चालताना, दहा-वीस पावलं सरळ टाकून. तुमच्या यंत्रात होकायंत्र असेल, तर सेल बदलल्यावर ते पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गोल फिरवून जुळवून घ्या.

आता शिकण्याचं. पहिले दोन आठवडे डोंगरावर नेऊ नका, आपल्याच वस्तीत शिका. सोसायटीच्या फाटकाशी उभ्या राहा आणि ती जागा वेपॉइंट म्हणून साठवा. यंत्र तिला ००१ असं नाव देईल, ते तिथल्या तिथे बदलून 'फाटक' करा, रोमन अक्षरांत का होईना. ००१ कुठलं आणि ००४ कुठलं हे संध्याकाळी आठवत नाही. मग भाजीबाजार, शाळा, देऊळ असा तासाभराचा फेरा मारा आणि देवळापाशी 'गो टू' दाबून फाटक निवडा. बाण समोरच्या इमारतीच्या आरपार घर दाखवेल. नीट बघा, कारण या यंत्राबद्दल सगळ्यात आधी कळायला हवं ते इथेच दिसतं : बाण सरळ रेषा दाखवतो, रस्ता दाखवत नाही.

हे मला कळलं ते ऑगस्ट २००४ मध्ये, हरिश्चंद्रगडावर. आम्ही सहाजण पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीतून वर गेलो होतो. ही वाट माहीत असलेल्यांना ठाऊक आहे : खिंडीच्या वर कातळटप्पा, मग पठारावर एकामागून एक टेकड्या, कारवी, मधले ओढे, आणि मग मंदिर. माझ्याकडे नवं यंत्र होतं आणि त्यात मी एकच जागा साठवली होती, खिरेश्वरला गाडी लावली ती. दुपारी परत निघालो तेव्हा इतकं धुकं उतरलं की दुसऱ्या टेकडीवर पायवाटच दिसेना. मी 'गो टू' दाबलं. बाणाने दक्षिण दाखवली, अंतरही जातानाच्या चालीपेक्षा कितीतरी कमी. हायसं वाटलं. खरी वाट आधी पूर्वेला खिंडीकडे जाते, खाली उतरते आणि मग खिरेश्वरला वळते. आम्ही बाणामागे कारवीत शिरलो. पाव तासाने मागून एकजण म्हणाला, "पाऊस खालून का लागतोय?" खरंच, थेंब हनुवटीखाली लागत होते आणि गवत आमच्याकडे तोंड करून आडवं झालं होतं. वारा कड्यावर आपटून वर चढत होता, म्हणजे कडा चार-पाच पावलांवर होता. आम्ही तिथेच बसलो. मग तुडवलेल्या गवतावरून मागे फिरलो आणि मंदिर गाठलं. तिथे छपरात झुणका-भाकरी देणाऱ्या पाचनईच्या मुलाने आम्हाला खिंडीपर्यंत सोडलं. कातळटप्प्याच्या माथ्यावर, जिथे वाट पठार सोडून खाली उतरते, तिथे थांबून मी ती जागा साठवली. ती जाताना सकाळीच साठवायला हवी होती.

म्हणून ताई, डोंगरावर साठवायच्या जागा म्हणजे गाडी आणि शिखर नव्हे. पठारावर वाट जिथून वर आली ते तोंड, जिथे ढोरवाट फुटते तो फाटा, खिंड, पाण्याचं टाकं, ओढा ओलांडण्याची जागा. पायथ्याशी जुना ट्रॅक पुसून नवा सुरू करा आणि दिवसभर चालू ठेवा. ट्रॅक म्हणजे तुमच्या पावलांची रेघ. परतताना 'गो टू' नको, या रेघेवरून उलटं चालायचं. तेव्हा माझ्या यंत्रात ट्रॅक बंद होता. सुरू असता, तर तेवढ्या धुक्यातही चकवा लागला नसता.

आणखी एक. नाळेत, घळीत किंवा कड्याच्या कुशीत यंत्र चुकतं. आभाळाची पट्टी अरुंद होते, आणि उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून येतो, म्हणजे लांबचा फेरा घालून. पडद्यावर अचूकतेचा आकडा असतो. उघड्यावर तो ३ ते ५ मीटर दिसेल, घळीत २०-३० वर जाईल. तो वाढला की बाणावर भिस्त ठेवू नका, उघड्यावर येऊन पुन्हा बघा. उंचीचा आकडा जागेच्या आकड्यापेक्षा नेहमीच कच्चा असतो. वायुदाबमापक असलेलं यंत्र असेल, तर कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर टाकून ते जुळवता येतं. उंची ठाऊक असलेल्या कुठल्याही जागी हे करा.

निवृत्त शिक्षिका आहे. तालुक्यातल्या बारवा आणि वीरगळ यांच्या जागा जीपीएसवर नोंदवत आहे. एका विद्यार्थ्याने माझी नोंद संगणकावर टाकली, तर बारव भलतीकडेच निघाली. माझ्याकडे शाळेतला जुना सर्व्हेचा नकाशा आहे, त्यावरही नोंद जुळत नाही. चूक कोणाची? – जुन्नर

बाई, तुमच्या कामाबद्दल आधी आभार मानतो. माती टाकून बुजवलेल्या बारवा मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढचा माणूस नेमका त्या जागी पोचला पाहिजे, म्हणून नोंद अचूक हवीच.

पहिली चूक लिहिण्याच्या पद्धतीची असणार. एकच अक्षांश तीन प्रकारे लिहितात : १९ अंश २३ मिनिटं ३० सेकंद, १९ अंश २३.५ मिनिटं, किंवा १९.३९१६७ अंश. तिन्ही एकच जागा. पण कोणी '१९ अंश २३.५' हे १९.२३५ असं टाकलं, तर जागा सतराएक किलोमीटर दक्षिणेला जाते. ३० सेकंद २३.३० मिनिटं म्हणून लिहिली, तर चूक ३७० मीटरांची होते, आणि ही दुसरी जास्त वाईट, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये दशांश अंश निवडा, दशांशचिन्हापुढे पाच आकडे लिहा (पाचवा आकडा म्हणजे सुमारे एक मीटर), आणि वहीच्या प्रत्येक पानावर पद्धत नोंदवा. जुन्या नोंदी आहेत तशा ठेवून शेजारी नव्या पद्धतीने लिहा. मूळ नोंद खोडू नये, ही मोजणीतली पहिली शिकवण.

दुसरी गोष्ट नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट १८३० या पायावर, म्हणजे अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या आधारावर, काढलेले आहेत. कर्नल लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासपाशी सुरू केलेल्या आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून तो पाया आला. पृथ्वीचा जो आकार त्यात धरला आहे, तो भारतापुरता चांगला बसणारा. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा सगळ्या जगासाठीचा पाया वापरतं. दोन्हींतले अक्षांश-रेखांश आपल्या भागात शंभर मीटरांहून थोडे जास्त सरकतात. म्हणजे ना तुमची चूक, ना नकाशाची. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, ते मिळवा. जुना नकाशा मात्र टाकू नका. त्यावर कधीकधी आज नसलेल्या विहिरी आणि पाऊलवाटा सापडतात.

बारवेच्या काठावर यंत्राला पाच-दहा मिनिटं एका जागी ठेवा. 'सरासरी' अशी सोय असेल तर ती वापरा. आणि बारवेत उतरून नोंद घेऊ नका, आभाळ दिसायला हवं.

माझी २० गुंठ्यांची जमीन आहे. शेजारी बांध सरकवतो. जीपीएस घेऊन बांधाकडेने फिरलं की यंत्र क्षेत्रफळ देतं असं ऐकलं. त्यावर भांडण मिटेल का? – बार्शी

भाऊ, कृपा करून तसं करू नका. या प्रश्नावरून झालेल्या मारामाऱ्या मी जवळून पाहिल्या आहेत.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, एका सांकळीचा चौरस. मीटरमध्ये दहाला दहा धरा. तुमचं २० गुंठ्यांचं शेत चौरस असतं तर बाजू ४५ मीटर. हातातल्या यंत्राची चूक उत्तम दिवशीही तीन मीटर. प्रत्येक बाजू तीन मीटर कमी भरली, तर यंत्र जेमतेम साडेसतरा गुंठे दाखवेल. तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याने अडीच गुंठे खाल्ले. तो त्याच्या यंत्राने उलट मोजेल. दोघेही यंत्राकडे बोट दाखवाल आणि दोघेही चुकीचे असाल.

२००० पर्यंत तर सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम शंभरेक मीटरांची चूक मिसळत असे. १ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती बंद झाली आणि हे यंत्र आपल्या उपयोगाचं झालं. वाट शोधायला आजची अचूकता भरपूर आहे, बांधाला नाही. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करा. आता तिथे रोव्हर, म्हणजे मोजणीची खास जीपीएस यंत्रं आहेत. जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेऊन ते सेंटिमीटरांपर्यंत जातात. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला स्वतः जाऊन बोलवा. नोटीस गेली तरी बोलवा.

मोबाइलमध्ये जीपीएस आहेच, मग वेगळं यंत्र कशाला? आणि कॅनडातला मुलगा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणतो म्हणतो. घेऊ का? – सातारा

मोबाइल चांगलाच आहे. त्यातलं जीपीएसही नेटवर्कशिवाय चालतं, बंद पडतो तो नकाशा, म्हणून तो घरूनच उतरवून घ्या. पण पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि संध्याकाळी मोबाइलची बॅटरी फोन लावण्यासाठी राखून ठेवायला हवी. हातातल्या साध्या यंत्रात दोन पेन्सिल सेल लागतात, ते दिवसभर टिकतात आणि चिंब पावसात बटणं दाबली जातात. सेल कोणते घातलेत, अल्कलाइन की रिचार्जचे, हे सेटिंगमध्ये सांगा, नाहीतर सेलची पातळी चुकीची दिसते. राखीव जोडी प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकमध्ये नव्हे, खिशात.

मुलाचं यंत्र वेगळ्या जातीचं आहे. ते नुसतं ऐकत नाही, उपग्रहाला संदेश पाठवतं. अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अशी यंत्रं बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना विमानतळावर अटकही झालेली आहे. मुलाला आजच फोन करून सांगा की ते सामानात ठेवू नको. फक्त ऐकणारा साधा रिसीव्हर आणायला सांगा, आणि येण्याआधी तो घेऊन तिकडेच फिरून तपासून बघ म्हणावं.