जुन्या सिनेमांवर लिहायला बसताय? आधी एवढं करा

पहिल्याच लेखात दहा सिनेमे कोंबू नका, एकच घ्या. समजा, 1993 चा 'झपाटलेला'. आठवणीवर विसंबू नका, अख्खा पुन्हा बघा; लहानपणी पाहिलेलं आणि पडद्यावरचं यात हमखास फरक निघतो.

नवखे दोन ठिकाणी घसरतात:
- गोष्टच सांगत बसतात.
- सरसकट टिंगल करतात.

हसा की, पण कशाला हसू आलं ते एका प्रसंगात दाखवा. तात्या विंचू बाहुला आहे हे दिसतंच. तरी रामदास पाध्यांच्या करामतीने तो हलतो, दिलीप प्रभावळकरांचा आवाज येतो, आणि आजही दचकायला होतं. ते दचकणंही लिहा.

कॅमेरा, संकलन वगैरे नंतर बघू. लेख झाला की पाठवा, आवडीने वाचेन.